पाहुणे, एक पायरी खाली बसा

६ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, आता पोस्टमनला कशी बंद करतेस ते बघू. पत्ता तुझ्या मावशीने दिला. तिच्यावर डाफरू नकोस. मी तिचं इतकं डोकं खाल्लं की कपडे वाळत घालता घालता तिने सांगून टाकला.

इकडे दातांच्या खोलीत सगळं तसंच आहे. मेणाचा वास, प्लास्टरची धूळ आणि मी. ते क्लॅरिनेटवाले आजोबा तिसऱ्यांदा कवळी परत घेऊन आले. खाताना बसते, बोलताना बसते, फुंकायला लागले की सुटते. मी म्हटलं, आजोबा, वाजवणं सोडा आता. तर म्हणतात, मग कवळी तरी कशाला हवी? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जरा मागून घासून बघा. तेच करत बसलोय.

तू म्हणशील, मुद्द्यावर या. येतो.

मी तुझं टेबल बघत असतो. खेळत नाही गं, नुसता बघतो. त्या पोकरच्या साइटवर कुणालाही कुणाचं टेबल बघता येतं हे तूच शिकवलंस. तुझी आई गेली तेव्हा मी दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडायचो, आणि एक दिवस तू लॅपटॉप आणून माझ्या पोटावर ठेवलास. म्हणालीस, बाबा, हे सगळ्यात खालचं, सगळ्यात कमी पैशांचं टेबल, इथे हरून हरून किती हराल? वर नियम सांगितलास. ज्या टेबलवर हरल्यावरही जेवण गोड लागतं, तेच आपलं टेबल. चिडलात की एक पायरी खाली बसायचं. खाली पायरीच उरली नाही तर उठायचं. मला तेव्हा हसू आलं होतं. एवढीशी पोरगी, आणि बापाला पायऱ्या शिकवते.

तर दुपारी हात मोकळे झाले की मी तुझं नाव शोधतो. 'शेवटचा बाक.' काय नाव आहे! मधल्या टेबलांवर दिसतेस, शांत असतेस, बरं वाटतं. तू पत्ते टाकून डाव सोडतेस, पुन्हा टाकतेस, आणि मग कधीतरी एकदा समोरच्याइतके पैसे लावून धरतेस. लहानपणी साखरेचा दाणा न् दाणा डबीत भरून ठेवायचीस, तशीच जमवते आहेस.

तू घर सोडून गेलीस त्याच्या आदल्या दिवशीचं मी विसरलो नाही. एकच कवळी दोनदा परत आली होती, माझं डोकं फिरलं होतं आणि मी सरळ वरच्या टेबलवर जाऊन बसलो होतो. तू मागे उभी राहून म्हणालीस, "बाबा, उठा." मी उठलो नाही. तू पुन्हा म्हणालीस. त्यावर मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. तुझं पाठ असणार.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. झोपेत दात खातेस ना अजून? मी करून दिलेली दातांची पट्टी लावत जा.

तुझा,
बाबा


२० फेब्रुवारी

चि. मुंगीस,

काय चाललंय काय तुझं?

सोमवारी मधल्या टेबलांवर तुझं नाव दिसेना. म्हटलं, बरं झालं, कुठे फिरायला गेली असेल. मग सहज वर बघितलं, तर तू सगळ्यात वर. दोघांचं टेबल, एका बाजूला तू, समोरची खुर्ची रिकामी, कोण येईल त्याच्याशी खेळायला तयार! अगं, तिथे कोण येऊन बसतात तुला चांगलं माहीत आहे. त्या माणसांना जेवण कसंही लागलं तरी फरक पडत नाही.

आणि तू हरते आहेस. हरणं समजू शकतो. तुझ्याकडे दोन एक्के होते, समोरच्याकडे काहीच नव्हतं, आणि शेवटच्या पानावर त्याला हवं तेच आलं. असं होतं. तूच सांगायचीस की पानांना आपलं नाव माहीत नसतं. पण त्यानंतर तू काय केलंस? बटणं दाबायला लागलीस. एरवी तू दिलेला वेळ पुरता घेतेस, घड्याळ संपत आलं की मगच हलतेस. चिडलीस की पान पडायच्या आत तुझं बटण दाबलेलं असतं. शाळेत गणित चुकलं की न चावता जेवायचीस आणि मग पोट धरून बसायचीस. बाप आहे मी. दुसऱ्या कुणाला कळणार नाही, मला कळतं.

मावशीला विचारलं. आधी काही नाही, काही नाही म्हणाली. मग म्हणाली, तिच्यासोबत राहायचा तो दाढीवाला निघून गेला, सोफाही घेऊन गेला. मला तो कधीच आवडला नव्हता, पण आता तोंड उघडत नाही. सोफा मी देतो तुला. सोफ्यासाठी कुणी तीन वर्षांची कमाई पणाला लावतं का?

तुझे सगळे पैसे पोकरच्या त्याच खात्यात आहेत, हे मला ठाऊक आहे. स्वतःच्या खोलीसाठी जमवत होतीस. बँकेत थोडे तरी टाक, असं मी म्हणायचो तेव्हा तू दात काढायचीस.

मुंगे, ऊठ. उठवत नसेल तर एक पायरी खाली ये. तुझाच नियम आहे, मी माझ्या पदरचं काही सांगत नाही.

बाबा


२७ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

पत्र मिळालं नसेल किंवा मिळून फाडलं असशील. तू अजून तिथेच आहेस. रोज थोडी थोडी रिकामी होते आहेस आणि मी इथे बसून बघतोय. हातातलं काम बिघडलं. काल एका बाईंच्या कवळीत खालचे दात वर लावले. डॉक्टरीणबाई हसल्या, मग माझं तोंड बघून कवळी उचलून आत गेल्या.

एक सांगायचं होतं. नवीन भट्टी घ्यायची म्हणत होतो ना, पोर्सेलिनच्या दातांसाठी? ती आता घेत नाही. जुनीच चांगली आहे. या वयात कशाला नवीन थेरं? पैसे आहेत तसे पडून राहतील, म्हणजे कुठेतरी कामाला येतील.

तू काळजी करू नकोस. कुणाचा तरी दिवस फिरतो. तुझाही फिरेल, लवकर फिरेल. एवढंच सांगतो.

बाबा


३ मार्च

चि. मुंगीस,

हे पत्र लगेच टाकणार नाही. तू शांत झालीस की टाकेन, तोवर मेणाच्या डब्याखाली राहील. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाहीये.

आज तुझ्यासमोर जो येऊन बसला, तो मी होतो!

कशी गंमत केली? तू ठेवून गेलेल्या लॅपटॉपवर नवीन खातं उघडलं. नाव काय घ्यावं सुचेना, हाताला आलं ते टाकलं: पाहुणा. भट्टीचे सगळे पैसे त्यात भरले आणि तुझ्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसलो. एवढ्या मोठ्या टेबलवर मी त्या दिवसानंतर बसलोच नव्हतो. पण आज भीती हरायची नव्हती, हरायलाच तर आलो होतो. चुकून जिंकलो तर काय, एवढीच धास्ती.

आणि हरणं सोपं नसतं गं! चांगली पानं येतात, मेली. दोन राण्या आल्या, त्या टाकून दिल्या. हातात काही नसताना मोठी रक्कम लावली, तू धरलीस, पैसे तुझ्याकडे गेले. पुन्हा तेच. मला वाटलं, हिला शंका येईल. पण समोर कुणीतरी गाढव आलंय असंच तुला वाटलं असणार. अशी गाढवं येतात, तूच सांगायचीस.

आणि तुझं घड्याळ! तासाभराने तू वेळ घ्यायला लागलीस. आधी थोडा, मग पुरता. माझी पोरगी परत आली. मी खुर्चीतच टाळी वाजवली. समोरच्या दुकानातल्या शिंप्याने काचेतून वाकून बघितलं.

आता दोन-तीन दिवसांत तुझं गेलेलं बरंचसं भरून निघेल. मग तू खाली जाशील. मी तुला ओळखतो, चार पैसे परत आले की तुझं डोकं जागेवर येतं. कशाला हवी होती मला ती भट्टी!

बाबा


५ मार्च

मुंगे,

काय झालं ते मलाच नीट कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळेल म्हणून लिहितो.

काल पहिला अर्धा तास छान गेला. मी हरत होतो, तू जिंकत होतीस. मग तू हरायला लागलीस. माझ्याशी! मी मुद्दाम वाईट पानांवर पैसे लावायचो आणि तू पत्ते टाकून द्यायचीस. टाकून द्यायचीस आणि पैसे माझ्याकडे यायचे. मी दुप्पट लावले. तू थोडा वेळ धरलंस आणि मग ऐन शेवटी सोडून दिलंस. म्हटलं, पोरीचं डोकं पुन्हा गेलं कामातून. मी ओरडत होतो स्क्रीनकडे बघून, अगं धर की, धर, काही नाहीये माझ्याकडे!

मग टेबलच्या कोपऱ्यात, जिथे खेळणारे एकमेकांना लिहितात, तिथे तू लिहिलंस: 'पाहुणे, एक पायरी खाली बसा.'

मला राग आला. खरंच सांगतो. एका परक्या माणसाशी असं बोलतात? मी इथे भट्टीचे पैसे ओतून हिला भरवतोय आणि ही मलाच हुशारी शिकवते. फटकळ कार्टी, अशी म्हणूनच एकटी पडते, असंही मनात आलं. मी आणखी मोठी रक्कम लावली. तू पत्ते टाकलेस.

आज पुन्हा बसलो. चिडूनच बसलो होतो. आज हिला जिंकवूनच उठायचं. तू पहिल्या पानापासून टाकत होतीस. मी उरलेलं सगळं एकदम पुढे ढकललं. तेव्हा तू लिहिलंस: 'उठा.' एकच शब्द.

मी उठलो नाही.

स्क्रीन पांढरी झाली. दोन्ही खाती तपासणीसाठी थांबवली आहेत, असं आलं. चहा गार होऊन गेला तरी मी तिथेच बसून होतो. तपासणी म्हणजे काय, त्यांना काय तपासायचं आहे? तुझं काही बिघडणार नाही ना? तुझ्या मावशीला फोन लावतोय, ती उचलत नाही.

बाबा


१६ मार्च

मुंगे,

आलं साइटवाल्यांचं उत्तर. दोन माणसांनी संगनमताने एकमेकांना पैसे सरकवले, दोन्ही खाती तुझ्या त्याच जुन्या लॅपटॉपवर उघडलेली, दोन्ही कायमची बंद, शिल्लक जप्त. तुझी शिल्लक. तीन वर्षं दाणा दाणा करून जमवलेली.

मी लिहिलं त्यांना. पुन्हा पुन्हा लिहिलं. मुलीला काही माहीत नव्हतं, सगळं मी केलं, माझे ठेवा आणि तिचे द्या. एका फार गोड बोलणाऱ्या माणसाचं उत्तर आलं की आपल्या भावना आम्ही समजू शकतो, निर्णय अंतिम आहे. मी म्हटलं, पुरावा काय? तिला माहीत होतं याचा पुरावा दाखवा! तावातावाने लिहिलं. त्यांनी पाठवला.

आपले सगळे डाव पाठवले, दोघांची पानं उघडी करून.

पहिल्या दिवशीची तुझी पानं साधी आहेत. तू खरंच खेळत होतीस आणि एक गाढव तुला पैसे देत होतं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासानंतर तुझ्याकडे तीन राजे होते. माझ्याकडे काही म्हणजे काही नव्हतं. तू पुरता वेळ घेतलास, घड्याळ संपेपर्यंत थांबलीस आणि तीन राजे टाकून दिलेस. त्यानंतर तर कहरच. हमखास जिंकणारी पानं टाकलीस. जिंकलेले डाव सोडलेस. एकामागून एक. मी जे जे तुला दिलं होतं, ते मोजून माझ्या ताटात परत वाढत होतीस.

तू ओळखलं होतंस मला.

कशावरून, तेही आता कळलं. आता लिहितोच. त्या दिवशी तू 'उठा' म्हणालीस आणि मी म्हणालो, "तू या घरात पाहुणी आहेस, पाहुण्यासारखी राहा. घर माझं, पैसे माझे, टेबल माझं." दुसऱ्या दिवशी सकाळी तू बॅग भरलीस. आणि मी नवीन नाव शोधायला गेलो तर माझ्या हाताला नेमकं तेच आलं. मला कळलं नाही. तुला कळलं.

म्हणून 'उठा' लिहिलंस. आणि मी पुन्हा उठलो नाही. पहिल्या वेळी उठलो असतो तर तू घरात असतीस. दुसऱ्या वेळी उठलो असतो तर निदान तुझे पैसे तरी तुझ्याकडे असते. काय करू मी या हातांचं?

तिथे ते संगनमत म्हणतात. वर्षभरात बापलेक एवढाच वेळ समोरासमोर बसलो, आणि दोघंही हरायला बसलो होतो.

मेणाच्या डब्याखालची पत्रं यासोबत पाठवतो. सगळं वाच. शिव्या दे. पण दे.

बाबा


२ एप्रिल

पाकीट परत आलं. वर कुणीतरी पेनाने लिहिलंय, 'खोली सोडून गेल्या.'

मी तिकडे जाऊन आलो. घरमालकीण चांगली बाई आहे. म्हणाली, भाडं चुकतं करून गेली, भिंतीतले खिळेसुद्धा काढून भोकं बुजवून गेली. कुठे गेली ते माहीत नाही. मला खोली बघू दिली. खिडकीपाशी फरशीवर सोफ्याच्या पायांचे चार डाग होते. त्या चार डागांच्या मधे तू लॅपटॉप घेऊन बसत असशील. मी तिथे थोडा वेळ बसलो, मालकीणबाईंनी पाणी आणून दिलं, मग निघालो.

मावशीला खरंच माहीत नाही. या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून विश्वास ठेवतो. ती म्हणते, पैसे गेल्यावर एकदा फोन आला होता तुझा. तिने विचारलं, बाबांना काय सांगू? तू म्हणालीस, काही नको. आणि मग म्हणालीस, ते जेवतात का विचार.

जेवतो. गोड लागत नाही.


२३ एप्रिल

चि. मुंगीस,

हे पत्र कुठे टाकायचं माहीत नाही. मावशीकडे देऊन ठेवतो. तिला पुन्हा फोन केलास तर ती वाचून दाखवेल.

तुझं पार्सल मिळालं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, पोस्टाचा शिक्का पुसट झालेला. आत चिठ्ठी असेल म्हणून मी खोका उसवून उसवून बघितला. फक्त पट्टी होती. मी केलेली, झोपेत लावायची, तुझ्या दातांची.

मी ती दिव्याखाली धरली. डावीकडे झिजली आहे. उजवीकडे मागच्या दाढांपाशी आरपार भोक पडलंय. एवढं जाड साहित्य, लोक चार-चार वर्षं वापरतात. तू चावून फोडलंस. किती दात खाल्लेस गं. मी पट्टी हातात घेऊन बसलो आणि रडलो. क्लॅरिनेटवाले आजोबा आले होते, दाराबाहेरच थांबले. त्यांची कवळी अखेर बसली. आनंदाने काहीतरी वाजवून दाखवायला आले होते, माझं तोंड बघून न वाजवताच परत गेले.

ही का पाठवलीस ते मला कळत नाही. बघा तुम्ही काय केलंत, म्हणून पाठवलीस, की नवीन करून द्या, म्हणून? दोन्ही बरोबर आहे. मी नवीन करायला घेतली. तुझ्या दातांचा प्लास्टरचा जुना साचा फळीवर होताच. त्यावर पट्टी केली, घासली, चकाकवली. आणि मग फुटकी पट्टी त्याच साच्यावर ठेवून बघितली, तर बसेना. हलते. तुझे दात त्या साच्यातले राहिले नाहीत. खालून झिजलेत, एक दाढ कलली आहे. जुन्या मापावर कितीही चांगली केली तरी ती तुला टोचेल.

नवीन माप घ्यावं लागेल. ते पोस्टाने होत नाही, त्याला माणूस समोर लागतं.

पैशांचं मी काही बोलणार नाही. भरून देईन असंही म्हणत नाही, तसं म्हणायची माझी लायकी नाही. राहा असंही म्हणणार नाही. खुर्चीत बसायचं, तोंड उघडायचं, मी मापाचा मसाला भरलेला ट्रे दातांवर धरीन आणि घट्ट होईपर्यंत समोरच्या स्टुलावर बसेन. तेवढा वेळ तुला बोलता येत नाही, आणि मीही बोलणार नाही. मी समोर असलेलं तुला बघवत नसेल तर तोंडात ट्रे असताना नुसती हाताने खूण कर.

मी उठेन.

बाबा